शैवालाचे मणी आणि आपला निधी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, रक्तदाब, संधिवात, वार्धक्य अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींचे लेख येतात, आणि ते यावेत हे उचितच आहे. मी मात्र यंदा वाचकांना जरा आडवाटेने नेऊ इच्छितो. विकरे, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्यांना एन्झाइम म्हणतो ती, समुद्रशैवालापासून काढलेल्या जेलमध्ये बांधून ठेवणे, हा माझा विषय. जीवरसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे तो मला जवळचा वाटतो हे खरेच; पण तो निवडण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे.

मंडळ आपल्या तुटपुंज्या निधीतून विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी साहाय्य देते आणि त्या अर्जांच्या छाननीचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. दरवर्षीच्या अर्जांत दोन-तीन तरी असे असतात की शीर्षक वाचतानाच पुढचा मजकूर डोळ्यांपुढे उभा राहावा. 'अमुक विकराचे कॅल्शियम अल्जिनेटच्या मण्यांमध्ये स्थिरीकरण आणि त्याच्या गुणधर्मांचा अभ्यास.' विकर बदलते, कधी युरिएज, कधी अमायलेज, कधी इन्व्हर्टेज. बाकी सारे तेच. माझे स्पष्ट मत असे आहे की या स्वरूपातील प्रकल्पांना आपण यापुढे पैसे देऊ नयेत. विषय क्षुद्र आहे म्हणून मी हे म्हणत नाही. विषय फार मोलाचा आहे आणि आपण त्याचा सोपा तेवढाच भाग पुनःपुन्हा गिरवतो आहोत, म्हणून म्हणतो. हे मत सभासदांपुढे सकारण मांडणे मला माझे कर्तव्य वाटते.

विकर बांधायचे कशासाठी, इथपासून आरंभ करू. विकर स्वतः खर्च न होता रासायनिक क्रिया घडवते, हे आपण सर्वजण शिकलो आहोत. परंतु ते पाण्यात विरघळलेले असते. चहात घातलेली साखर जशी चमच्याने परत काढता येत नाही, तसे क्रिया संपल्यावर विकर द्रावणातून परत मिळवणे अवघड. आणि महागड्या विकराचा एकदाच उपयोग करून ते टाकून देणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नाही. तेच विकर एखाद्या घन आधारावर बसवले, तर गाळून घेऊन पुन्हा वापरता येते, किंवा ते उभ्या नळकांड्यात भरून वरून कच्चा माल सोडावा आणि खालून तयार माल घ्यावा. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी कोळशावर चिकटलेले इन्व्हर्टेज आपले काम करीतच राहते असे दाखवले होते. त्या निरीक्षणाचे मोल उद्योगाला उमगायला अर्धे शतक लागले. १९६९ मध्ये जपानमधील तानाबे सेइयाकू या औषध कंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधारावर बसवलेल्या अमिनोअसायलेजने अमिनो आम्ले वेगळी करण्यास औद्योगिक प्रमाणावर सुरुवात केली.

आपल्यापैकी प्रत्येक डॉक्टर ज्याची चिठ्ठी आठवड्यातून अनेकदा लिहितो ते अमॉक्सिसिलिन या विद्येचेच अपत्य आहे. बुरशी देते ते पेनिसिलिन-जी. त्याची एक बाजूची साखळी तोडली की सहा-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल उरते, आणि त्यावर नवी साखळी जोडली की अँपिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तयार होते. ही तोड पूर्वी फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि डायक्लोरोमिथेन यांच्या साहाय्याने, शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीत करीत. पेनिसिलिन असायलेज हे विकर तेच काम साध्या पाण्यात, आपल्या अंगाच्या उबेएवढ्या तापमानात करते, आणि आधारावर बसवलेले असल्यास शेकडो वेळा करते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विकरावर दीर्घकाळ काम झाले आहे. आणि बडोदेकरांना पेनिसिलिनची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. १९०७ साली ज्या अलेंबिकचा पाया गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी घातला, तिथे पुढे पेनिसिलिन बनत असे, आणि या गावातल्या किती मराठी घरांची चूल अशा कारखान्यांच्या पगारावर पेटली हे ज्येष्ठ सभासद जाणतातच. स्वस्त चिनी मालापुढे देशातले पेनिसिलिन-जीचे उत्पादन पुढे बंद पडले. काकिनाड्याजवळ ते पुन्हा सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. तेव्हा हा विषय आपल्या अंगणातलाच आहे, केवळ ग्रंथालयातला नव्हे.

आता शैवालाकडे वळू. समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या बहुशर्करांपैकी तिघींशी आपले काम आहे. पहिली आगर. गृहिणी तिला चायना ग्रास म्हणतात आणि पुडिंगात घालतात. सूक्ष्मजीवशास्त्रात ती आली तीही स्वयंपाकघरातूनच. १८८१ मध्ये कॉखच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे काम करीत असताना जिलेटिनच्या बशा उन्हाळ्यात वितळत. त्यांची पत्नी फॅनी हेसे हिने, आपण मुरंब्यात आणि जेलीत घालतो ते आगर वापरून पाहा, असे सुचवले. जाव्यात राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून ती ते शिकली होती. २४ मार्च १८८२ रोजी कॉखने क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्या वर्षीच्या त्याच्या निबंधात आगरचा उल्लेख आहे, फॅनीचा नाही. आगर वितळते पंच्याऐंशी अंशांच्या वर आणि गोठते चाळिसाच्या खाली, ही तिची मोठी सोय. तिच्यातील शुद्ध, विद्युतभाररहित अंश वेगळा काढला की त्याला अगारोज म्हणतात.

दुसरी अल्जिनेट. तपकिरी शैवालातून ती प्रथम वेगळी काढली एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी, स्कॉटलंडमध्ये, आणि योगायोग असा की तेही १८८१ सालीच. तिसरी कॅराजिनन, लाल शैवालातली. आइस्क्रीम आणि टूथपेस्टमध्ये ती असते. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत उंदराच्या पंजाला सूज आणण्यासाठी हीच टोचतात, हे वाचकांतील औषधशास्त्रज्ञांना स्मरत असेल.

विद्यार्थ्यांना अल्जिनेटचा मोह का पडतो हे समजण्यासारखे आहे. सोडियम अल्जिनेटच्या पातळ पाकात विकर मिसळावे आणि पिचकारीने थेंब-थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडावे. पडताक्षणी प्रत्येक थेंबाचा मणी होतो. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा गोल आणि अर्धपारदर्शक. उष्णता नाही, तीव्र रसायन नाही, यंत्र नाही. विकराला धक्काही लागत नाही. घडते ते असे. अल्जिनेटच्या साखळीत ग्युलुरॉनिक आम्लाचे जे पट्टे असतात त्यांना खाचा असतात. अशा दोन साखळ्या समोरासमोर आल्या की त्या खाचांमध्ये कॅल्शियमचे आयन बसतात, अंड्यांच्या खोक्यात अंडी बसावीत तसे. हे चित्र १९७३ मध्ये मांडले गेले आणि अजून टिकून आहे.

आपल्यापैकी जे शल्यचिकित्सक आहेत त्यांनी हीच क्रिया उलट दिशेने घडताना पाहिली आहे. ओल्या जखमेवर अल्जिनेटची पट्टी ठेवली की जखमेच्या स्रावातील सोडियम पट्टीतील कॅल्शियमची जागा घेते आणि कोरडी पट्टी मऊ जेल होते. पट्टीच्या दृष्टीने हा गुण आहे. मण्याच्या दृष्टीने तोच अवगुण. रक्तपेढीच्या पिशवीतले सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते म्हणून रक्त गोठत नाही. त्याच सायट्रेटमध्ये अल्जिनेटचा मणी टाकला तर तो काही वेळात विरघळून जातो. फॉस्फेटही त्याला ढिला करते. आणि जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत सर्वांत हाताशी असलेले द्रावण कोणते, तर फॉस्फेटचेच.

पण विरघळणे ही तक्रार दुय्यम आहे. खरी अडचण छिद्रांची. जेल म्हणजे जाळे, आणि जाळ्याची भोके माशापेक्षा मोठी असतील तर मासा राहायचा नाही. विकराच्या रेणूचा आकार साधारणपणे एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास असतो. अल्जिनेटच्या जाळ्यातील पुष्कळशी भोके याहून मोठी असतात. त्यामुळे विकर मण्यात राहते ते काही काळ, आणि हळूहळू बाहेर झिरपते. विद्यार्थी दहा वेळा मणी वापरून पाहतो, दहाव्या वेळी निम्मी क्रियाशीलता उरल्याचे नोंदवतो आणि लिहितो की विकर निकामी झाले. ते निकामी झाले की वाहून गेले? धुतलेल्या पाण्यात प्रथिन किती आले हे मोजल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत ते मोजण्याचा विचार क्वचितच केलेला असतो. उलट जाळे घट्ट केले तर कच्चा माल आतपर्यंत पोहोचत नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या मण्यात बाहेरच्या पापुद्र्यातले विकर राबते आणि गाभ्यातले बसून राहते. मग 'स्थिरीकृत विकराचे इष्टतम तापमान मुक्त विकरापेक्षा पाच अंशांनी अधिक आढळले' असा निष्कर्ष निघतो. त्यातला बराच भाग विकराच्या अंगच्या बदलाचा नसून मण्यात शिरण्याच्या अडथळ्याचा असू शकतो. हा अडथळा मोजण्याचे गणित जुने आहे, पुस्तकात आहे आणि अवघडही नाही. मण्याचा व्यास दोन-तीन वेळा बदलून पाहिला तरी पुष्कळसे कळते.

मग शैवालाची जेले विकरांसाठी निरुपयोगी म्हणायची काय? मुळीच नाही. ती कशी वापरावी हे ज्यांनी नीट ओळखले त्यांची उदाहरणे मला अतिशय उद्बोधक वाटतात, आणि ती आपल्या अभ्यासक्रमांत दोन ओळींत गुंडाळली जातात याचे वाईट वाटते.

तानाबेच्याच लोकांचे पुढचे काम पाहा. त्यांना अ‍ॅस्पार्टिक आम्ल बनवायचे होते, जे शिरेतून देण्याच्या अमिनो आम्लांच्या द्रावणात लागते. त्यासाठीचे विकर कोलाय जंतूच्या पोटात असते. ते काढून, शुद्ध करून, मग बांधण्याचा खटाटोप करण्याऐवजी त्यांनी अखंड जंतूच जेलमध्ये कोंडले. जंतूचा आकार विकराच्या शंभरपट किंवा अधिक. तो जाळ्यातून निसटत नाही. कच्चा माल आणि तयार माल मात्र लहान रेणू, ते सुखेनैव ये-जा करतात. १९७३ मध्ये त्यांनी हे पॉलिअक्रिलामाइडच्या कृत्रिम जेलमध्ये केले. १९७८ मध्ये ते सोडून कॅपा-कॅराजिनन घेतले. कोमट द्रावणात जंतू मिसळायचे आणि थंड करून पोटॅशियमच्या क्षारात ठेवायचे, एवढाच विधी. विषारी अक्रिलामाइडचा संबंध नाही, त्यामुळे जंतूंमधील विकराची हानीही कमी. परंतु नुसत्या कॅराजिननमध्ये टिकाऊपणा कमी पडला. तेव्हा त्यांनी ग्लुटराल्डिहाइड आणि एका डायअमाइनने जंतूंसह जेल कडक करून घेतले, आणि विकराचे अर्धायुष्य सहाशे दिवसांच्या पलीकडे नेले. एकदा भरलेले नळकांडे दोन वर्षांच्या घरात चालते, तेव्हा कुठे त्याला कारखाना म्हणता येतो! दहा वेळा वापरून पाहणे आणि सहाशे दिवस चालवणे यांत जे अंतर आहे, त्याविषयीच मी बोलतो आहे.

दुसरे उदाहरण अगारोजचे. येथे विचार वेगळा. जाळ्यात कोंडायचेच नाही. जेलच्या तंतूला रासायनिक गाठ मारून विकर टांगायचे. १९६७ मध्ये उप्सालाच्या आक्सेन, पोराथ आणि एर्नबॅक यांनी सायनोजेन ब्रोमाइडने अगारोजसारख्या बहुशर्करांना अशी गाठ मारण्याची रीत दाखवली. अगारोजला स्वतःचा विद्युतभार नाही, त्यामुळे नको ती प्रथिने त्याला चिकटत नाहीत. भोके मोठी, त्यामुळे मोठे रेणूही आत जातात. जे दोष कोंडण्यासाठी, ते गुण टांगण्यासाठी. पुढे माद्रिदमध्ये गिसान यांनी अगारोजवर अल्डिहाइडचे दाट आवरण उभे केले आणि एकाच विकराला अनेक ठिकाणी गाठी मारल्या. चारी बाजूंनी ताणून बांधलेला तंबू वाऱ्यात जसा हलत नाही, तसे हे विकर उष्णतेत सहजासहजी उलगडत नाही. पेनिसिलिन असायलेजवरही ही रीत यशस्वी झाली. मोठ्या कारखान्यांनी तरीही बहुधा स्वस्त कृत्रिम राळांनाच पसंती दिली हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रतिजैविकांच्या धंद्यात किलोमागच्या किमतीवर सारे ठरते. परंतु जेथे मालाची किंमत ग्रॅमवर मोजली जाते तेथे अगारोजला तोड नाही. स्तनाच्या कर्करोगात आपण लिहितो त्या ट्रास्टुझुमॅबसारख्या प्रतिद्रव्यांचे शुद्धीकरण जगभर मुख्यतः ज्या स्तंभांवर होते, त्यांत अगारोजच्या मण्यांना प्रोटीन-ए बांधलेले असते. विकर नव्हे, पण बांधण्याची विद्या तीच.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे, रुग्णाच्या शरीरातले. १९८० मध्ये लिम आणि सन यांनी स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणारी पेशीबेटे अल्जिनेटच्या मण्यात ठेवली, त्यावर पॉलिलायसिनचे आवरण चढवले आणि मधुमेही उंदरांत सोडली. साखर आत येते, इन्सुलिन बाहेर जाते, पण प्रतिकारशक्तीचे शिलेदार दारातच अडतात, अशी ती योजना. १९९४ मध्ये एका रुग्णातही तिचा यशस्वी प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यानंतर इतकी वर्षे उलटूनही ती आपल्या बाह्यरुग्ण विभागात आलेली नाही, कारण शरीर त्या मण्यांभोवती तंतूंची भिंत उभारते आणि आतल्या पेशी गुदमरतात. १९९६ मध्ये माँट्रियालच्या प्रकाश आणि चँग यांनी अशाच मण्यांत युरिया खाणारे जंतू भरून ते मूत्रपिंड निकामी झालेल्या उंदरांना तोंडावाटे दिले आणि रक्तातील युरिया उतरवून दाखवला. डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून तीनदा बसणारे रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या वाक्याचे वजन वेगळे सांगायला नको. हाही प्रयोग रुग्णापर्यंत पोहोचलेला नाही. अशा ठिकाणी अजून पुष्कळ करण्यासारखे आहे, आणि तिथे शैवालाच्या जेलला सहजासहजी पर्याय नाही.

आमच्या विद्यार्थ्यांचे युरिएजवरचे प्रकल्प मी याच प्रकाशात वाचतो. तुरीच्या किंवा कुळथाच्या दाण्यातून युरिएज काढतात, अल्जिनेटच्या मण्यांत घालतात आणि प्रस्तावनेत लिहितात की हे पुढे कृत्रिम मूत्रपिंडात उपयोगी पडेल. मग त्यांनी ते मणी एकदा तरी रक्तद्रवासारख्या द्रावणात ठेवून पाहावेत, जिथे सोडियम भरपूर आहे, फॉस्फेट आहे आणि प्रथिनेही आहेत. चोवीस तासांनी मणी मणीच आहे का, आणि किती विकर बाहेर आले, एवढेच सांगावे. सुटणाऱ्या अमोनियाचे काय करणार याचाही उल्लेख असावा. युरिया फोडून अमोनिया रक्तात सोडणे हा काही उपचार नव्हे. एवढे केले आणि उत्तर 'मणी टिकत नाहीत' असे आले, तरी मी त्या प्रकल्पाला पहिला क्रमांक देईन.

अल्जिनेटच्या बाटलीवर काय लिहिलेले असते, हाही एक कळीचा मुद्दा. बहुधा फक्त 'सोडियम अल्जिनेट'. ग्युलुरॉनिक आणि मॅन्युरॉनिक आम्लांचे प्रमाण शैवालाच्या जातीप्रमाणे, त्याच्या भागाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणेही बदलते. ग्युलुरॉनिक जास्त तर मणी कणखर. मॅन्युरॉनिक जास्त तर मऊ. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील लॅमिनारियाच्या देठातले अल्जिनेट आणि आपल्या सरगॅसममधले अल्जिनेट ही एकाच नावाची दोन वेगळी द्रव्ये समजावीत. हे न पाहता केलेला प्रयोग दुसऱ्या बाटलीवर परत जमला नाही तर आश्चर्य कसले?

इथे गुजरातमध्ये राहणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. १९५४ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्था भावनगरला, म्हणजे आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर आहे. तेथील शास्त्रज्ञांनी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या ग्रॅसिलॅरिया ड्युरा या शैवालापासून उत्तम प्रतीचे अगारोज काढण्याच्या पद्धती विकसित केल्या आणि किनाऱ्यावरील कोळी कुटुंबांतील स्त्रियांच्या साहाय्याने त्याच्या लागवडीचे प्रयोगही केले. आगर ही सामान्य वस्तू. अगारोज हा तिचाच शुद्ध अंश, पण किमतीत कितीतरी पुढे. आणि त्यावर गाठ मारून तयार केलेला मणी त्याहूनही पुढे. या पायऱ्यांपैकी खालच्या पायरीवर बसून वरच्या पायरीचा माल परदेशातून मागवत राहणे हे रसायनांच्या या गावाला शोभत नाही.

पुरवठ्याचा प्रश्न कल्पनेतला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी आगर बंद झाल्यावर दोस्त राष्ट्रांच्या प्रयोगशाळांची धावपळ उडाली होती. २०१५ मध्ये मोरोक्कोने आपल्या जेलिडियम शैवालाच्या निर्यातीवर मर्यादा घातली आणि आगरचे भाव कडाडले. आपल्याकडे तमिळनाडूत मन्नारच्या आखातात स्त्रिया पिढ्यानपिढ्या बोटांना चिंध्या गुंडाळून पाण्यात बुडी मारतात आणि खडकांवरचे जेलिडिएला आणि सरगॅसम उपटून आणतात. प्रयोगशाळेच्या बाटलीमागे हे हातही आहेत. लागवड हा त्यावरचा चांगला उपाय, पण तोही डोळे उघडे ठेवून केला पाहिजे. बाहेरून आणलेले कॅपाफायकस हे कॅराजिनन देणारे शैवाल क्रुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये नोंदले गेले. २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत केंद्र सरकारने शैवालासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद दाखवली. त्यातून टनावारी शैवाल निघेलही. ते सारे आइस्क्रीम घट्ट करण्यातच जायचे, की त्यातला काही अंश औषधाच्या कामी लावायचा, हे ठरवणारी माणसे आज कुठल्या तरी महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गात बसलेली आहेत.

माझ्या या भूमिकेवर मंडळातील काही मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ते म्हणतात, विद्यार्थी शिकतो आहे, त्याला हात बसवू द्या; पाच-सहा महिन्यांत आणि इतक्या कमी पैशांत तो तानाबेची बरोबरी कशी करणार? आक्षेप सद्भावनेचा आहे, पण तो मला पटत नाही. मणी पाडायला शिकणे हे एका दुपारचे काम आहे, आणि ते त्याच्या महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकात व्हावे. झिरपणारे प्रथिन मोजायला महागडे यंत्र लागत नाही. मण्याचा व्यास बदलायला सुई बदलावी लागते. मणी सायट्रेटमध्ये किंवा रक्तद्रवासारख्या द्रावणात ठेवायला तर काहीच लागत नाही. लागतो तो प्रश्न विचारण्याचा आग्रह, आणि तो शिकवायला पैसे पडत नाहीत. दुसरा आक्षेप असा की डॉक्टरांच्या मंडळाने यात पडावेच कशाला. याला माझे उत्तर इतकेच, की मण्याचे काय झाले पाहिजे हे शेवटी रुग्णाच्या गरजेवरून ठरते, आणि ती गरज रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपल्याशिवाय कोण सांगणार? आपल्यातील मूत्रपिंडतज्ज्ञाने अर्धा तास दिला तर युरिएजवाल्या विद्यार्थ्याच्या प्रस्तावनेतील निम्मी वाक्ये गळून पडतील आणि उरलेली सुधारतील.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी. येत्या वर्षी विकर-स्थिरीकरणाच्या प्रकल्पास साहाय्य द्यायचे झाल्यास अर्जात तीन गोष्टी मागाव्यात: वापरलेल्या जेलचा स्रोत आणि प्रत, विकर झिरपण्याचे मापन कसे करणार, आणि ज्या द्रवात ते शेवटी वापरायचे आहे, दूध असो, रक्तद्रव असो वा औषधाचा कच्चा माल असो, त्यात किमान एक प्रयोग. अशा अर्जाला एकट्याला आपण दोन अर्जांइतकी रक्कम द्यावी आणि मंडळातील एक डॉक्टर त्याच्या मदतीला नेमावा. एखादा अर्ज भावनगरहून मिळवलेल्या देशी अगारोजवर काम करू पाहत असेल तर जाण्यायेण्याचा खर्चही मंडळाने उचलावा. नव्या अर्जांचे नमुने छापायला जाण्यापूर्वी ही सूचना कार्यकारिणीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावी, अशी विनंती मी चिटणीसांना स्वतंत्र पत्राने केली आहे.